टेम्सकाठचा खड्डा

विलायतेहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो, "काय काय पाहिलंत?" पहिल्या दोन-चार जणांना मी अगदी खरे उत्तर दिले. म्हणालो, "एक खड्डा पाहिला. चांगला साडेतीन मीटर खोल होता." त्यावर शेजारच्या काकू काहीशा काळजीने म्हणाल्या, "अहो, त्यासाठी इतक्या लांब कशाला जायचं? आपल्या गल्लीच्या तोंडाशी दोन आहेत की!" तेव्हापासून मी लंडनचा किल्ला आणि ब्रिटिश म्युझियम सांगू लागलो. तीही मी पाहिली आहेत. परंतु दिवाळीच्या दिवसांत वाचकांशी खोटे बोलू नये, म्हणून आज त्या खड्ड्याचीच हकीकत सांगतो.

माझा एक आतेभाऊ, त्याला मी दादा म्हणतो, गेली वीस वर्षे केंट परगण्यात ग्रेव्हसेंड या गावी राहतो. टेम्स नदी समुद्राला मिळण्यापूर्वी जिथे ऐसपैस पसरते, तिच्या दक्षिण काठावरचे हे गाव. पंजाबी वस्ती मोठी. २०१० साली उघडलेला तिथला गुरुद्वारा दुरूनच नजरेत भरतो. दादा स्थापत्य अभियंता आहे. रस्ता किंवा पूल बांधण्यापूर्वी जमिनीत भोके पाडायची, खालची माती नळीतून वर काढायची आणि ती किती भार पेलेल ते सांगायचे, हा त्याचा व्यवसाय. "आम्ही जमिनीचे वैद्य," असे तो म्हणतो. वहिनी म्हणतात, "वैद्य निदान हात धुऊन घरी येतात."

मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडे होतो. चौथ्या दिवशी रात्री जेवताना तो म्हणाला, "उद्या माझ्याबरोबर कामावर चल. एक नवा रस्ता व्हायचाय, त्याच्या आधी माती वाचताहेत."

"माती वाचताहेत?" मी विचारले. मराठी शिकवणाऱ्या माणसाचे कान अशा ठिकाणी टवकारतातच.

"हो. मी भार बघतो. त्या बाई काळ बघतात. भोक एकच, वाचणारे दोन."

सकाळी वहिनींनी तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून दिल्या, "भावजी, तिथं वारं फार असतं," म्हणून एक मफलरही गळ्यात घातला, आणि आम्ही निघालो. रस्ता अजून कागदावरच होता, तेव्हा त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. एका उतरत्या कुरणात लाल-पांढऱ्या काठ्या रोवून सरळ रेष आखली होती, आणि तिच्यावर ठराविक अंतराने खड्डे घेतले जात होते. आत जाण्यापूर्वी डोक्याला टोप, अंगात पिवळे जाकीट आणि पायांत जाड बूट असा वेष करावा लागला. दादाचे बूट मला दोन अंकांनी मोठे. त्यामुळे मी दिवसभर बदकासारखा चाललो.

बाई पन्नाशीच्या होत्या. केस पांढरे, नखे मातीने भरलेली, आणि आवाज शाळेतल्या मुख्याध्यापिकेचा. जमिनीत गाडल्या गेलेल्या थरांवरून तेथे जुन्या माणसाचा माग लागेल की नाही हे सांगणे, ही त्यांची विद्या. तिकडे १९९० पासून नियोजनाचा दंडकच असा झाला आहे की बांधकामाला परवानगी मागणाऱ्याने आधी जमिनीखाली काय असू शकेल ते तपासून घ्यायचे, आणि तो खर्चही त्यानेच सोसायचा. मला वाटले होते की पुराणवस्तुशास्त्रज्ञ म्हणजे ब्रश घेऊन एखाद्या सांगाड्याची धूळ झाडणारे कोणी. या बाईंच्या हातात ब्रश नव्हता, बादली होती.

अर्धे काम घरी बसून आधीच झाले होते. भूगर्भखात्याचे नकाशे, जुन्या खडूच्या व रेतीच्या खाणींच्या नोंदी, आणि दादासारख्या अभियंत्यांनी पाडलेल्या भोकांच्या वह्या एकत्र करून त्यांनी जमिनीच्या पोटाचे एक चित्र तयार केले होते. येथे टेम्सचा जुना काठ असावा, तेथे एखादा ओढा येऊन मिळत असावा, पलीकडे नुसताच खडू. (केंटचा बराचसा भाग खडूचा आहे. वीस वर्षे फळ्यावर खडू झिजवणाऱ्या मला त्या पांढऱ्या कड्यांकडे पाहून उगीचच आपुलकी वाटली.) आता ते चित्र खरे की खोटे हे ठरवायचे होते.

जेसीबीला दात नसलेले सपाट बकेट लावलेले होते. चालक एका वेळी वीतभर जाडीचा थर अलगद खरवडून काढी, जणू खरवसाची वडी उचलतो आहे. प्रत्येक थरातली सुमारे शंभर लिटर माती, म्हणजे आपल्या दहा बादल्या, बाजूला घेऊन दोन तरुण मुली ती चाळणीतून चाळत. उरलेले दगड एकेक करून हातात घेऊन पाहत आणि फेकून देत. खड्डा सव्वा मीटरच्या खाली गेल्यावर आत उतरायला मनाई. मग बाई काठावर पोटावर पडून खाली पाहत आणि चालकाला हाताने खुणा करीत.

मातीचा प्रत्येक रंग त्या एका पुस्तकाशी ताडून पाहत. साडीला जुळता फॉल निवडताना दुकानदार रंगांचे कार्ड पुढे टाकतो ना, अगदी तसे ते पुस्तक. फक्त त्यात पिवळा, तपकिरी आणि करडा यांच्याच शेकडो छटा. नंतर त्यांनी मातीचा एक कण जिभेवर ठेवून समोरच्या दातांनी चावला. मी चमकून दादाकडे पाहिले.

"चिकणमाती असेल तर दातांना लोण्यासारखी लागते," तो म्हणाला, "आणि गाळ असेल तर कचकचते. यंत्रापेक्षा लवकर कळतं."

आमच्याकडे बाळकृष्णाने माती खाल्ली तेव्हा यशोदेला त्याच्या तोंडात विश्व दिसले, ही गोष्ट मी त्या बाईंना माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितली. त्यांनी ती गंभीरपणे ऐकली आणि म्हणाल्या, "चाळणी वापरली असती तर आईला अजून दिसलं असतं."

दुपारपर्यंत खड्डा साडेतीन मीटरवर पोचला. भिंतीवर थर स्पष्ट दिसू लागले. वर काळपट शेतमाती, मग उतारावरून घसरत आलेली पिवळी माती, मग गोट्यांची रेव, तिच्याखाली हातभर जाडीचा करडा गाळ, आणि तळाशी पुन्हा रेव. चाळणीत सापडले काय म्हणाल, तर काही नाही. मानवी हाताचा एक टवकासुद्धा नाही. मला मनातून वाईट वाटले. परक्या देशात का होईना, पण पाहुणा आल्या दिवशी काही तरी निघावे अशी आपली अपेक्षा असते. बाई मात्र त्या करड्या पट्ट्याकडे एकटक पाहत होत्या. मग त्यांनी तक्त्यात त्या थरासमोर संभाव्यतेच्या रकान्यात शब्द लिहिला, 'उच्च'.

"पण सापडलं तर काहीच नाही!" मला राहवेना.

"मी सापडलेल्या वस्तूंची यादी करत नाही," त्या म्हणाल्या. "इथं काही पडलं असतं, तर ते पडलं त्याच जागी राहिलं असतं का, एवढंच मी पाहते."

मग त्यांनी मला समजावून सांगितले. रेव म्हणजे धावते पाणी. तिच्यात चकमकीचे हत्यार मिळालेच, तर ते कोठून तरी गडगडत आलेले, कडा झिजलेले. ते कोणी घडवले एवढे कळते. कोठे आणि कशासाठी, ते नाही. बारीक गाळ म्हणजे संथ पाणी. पाणी संथ असेल तर माणसाच्या हातून पडलेली वस्तू पडल्या ठिकाणीच राहते आणि वरून हळूहळू पांघरूण पडते. तिच्या शेजारी गोगलगायींचे शंख, उंदरांचे दात, फुलांचे परागकण राहतात, आणि त्यांवरून त्या वेळची हवा, झाडोरा, पाऊस सारे सांगता येते. खड्डा चार हात रुंद, रस्ता चाळीस हात रुंद. तेव्हा खड्ड्यात न मिळालेले शेजारीच असू शकते.

हे ऐकताना मला माझ्या वर्गाची आठवण झाली. पोथीच्या अभ्यासात आम्ही दुसरे काय करतो? एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, म्हणजे तोवर तिच्यावर कितीतरी हातांचा गाळ बसला होता. कोणती ओवी जागच्या जागी आहे आणि कोणती वाहत येऊन पडली आहे, हे कडा झिजल्या आहेत का पाहूनच ठरवायचे असते. मुलांना हे शिकवताना मी दरवर्षी घसा कोरडा करतो. येथे ते बादलीभर मातीत दिसत होते.

'उच्च' या शब्दाने पुढे काय होते? दादाने सांगितले, कधी रस्त्याची रेषा थोडी सरकते. कधी जमीन न खोदता वर भराव घालून रस्ता नेतात. पण भरावाच्या वजनाने खालचे ओले थर दबतात, पाण्याची पातळी बदलते आणि शतकानुशतके ओलीत टिकलेले लाकूड वाळून कुजते, म्हणून तेही जपून. आणि दोन्ही जमत नसेल तर रस्त्याआधी रीतसर उत्खनन. कंत्राटदार कुरकुर करतो, वेळापत्रक हलते. "पण आधी कळलं तर महिन्यांनी हलतं," दादा म्हणाला, "मध्येच कळलं तर वर्षांनी."

पुऱ्या खाता खाता (बाईंनी तीन खाल्ल्या आणि पाणी मागितले) हत्तीचा विषय निघाला. ग्रेव्हसेंडहून जवळच एब्सफ्लीट म्हणून ठिकाण आहे. तेथे २००३ साली रेल्वेच्या आणि तिच्या जोडरस्त्याच्या कामाच्या वेळी फ्रान्सिस वेनबन-स्मिथ या संशोधकांना चिकणमातीत एका प्रचंड हत्तीचे अवशेष मिळाले. सरळ सुळ्यांची ही जात आता नष्ट झाली आहे. आजच्या आफ्रिकन हत्तीच्या दुप्पट आकार, काळ सुमारे ४,२०,००० वर्षांपूर्वीचा. आणि त्या हाडांभोवती चकमकीची हत्यारे जागच्या जागी पडलेली! कोणी तरी तेथे बसून दगड फोडून धार काढली, मांस कापले आणि दगड तिथेच टाकून निघून गेले. त्याच मातीत गेंडा, सिंह, माकड आणि बीव्हर यांचीही हाडे मिळाली. इंग्लंडात माकडे!

"तुमच्याकडेही त्याचा भाऊबंद आहे," बाई म्हणाल्या. "त्याच्या शास्त्रीय नावात तुमच्या नदीचं नाव आहे. नामाडिकस. नर्मदा. तुमच्या नद्यांच्या काठचा गाळ कसा आहे? रस्ते करताना कोण पाहतं?"

प्रश्न साधा होता. दादाने सहज माझ्याकडे पाहिले आणि मी पाण्याची बाटली उघडण्यात फार वेळ घेतला.

त्याचे कारण सांगतो. माझे आजोळ गोदाकाठी आहे. गावाच्या कडेला मामांच्या शेतात एक टेकाड होते. त्याला गावात 'पांढर' म्हणत. आपल्या गावगाड्यात जमिनीचे दोनच प्रकार, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेताची, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटल्या, भिंती पडल्या, पुन्हा उठल्या, त्या राखेने आणि भिंतींच्या मातीने जमीन पांढरी होते. पूर्वजांनी मातीची परीक्षा करून तिला नावसुद्धा देऊन ठेवले होते. वर्गात हा शब्द मी मोठ्या कौतुकाने समजावून सांगत आलो आहे.

सात वर्षांपूर्वी गावाला वळसा घालणारा रस्ता मंजूर झाला आणि भरावाला माती हवी झाली. मामांना चार पैसे मिळणार होते, मामेबहिणीचे लग्न ठरले होते. माती उचलण्याच्या परवानगीसाठी अर्ज हवा होता. घरात एम.ए. झालेला भाचा असताना अर्ज दुसऱ्याने का लिहावा? मी तो लिहिला. त्यातले एक वाक्य मला पाठ आहे : 'सदर टेकाड पडीक व निरुपयोगी असून ते काढून घेतल्यास कोणाचेही नुकसान होणार नाही.' आठ दिवसांत निम्मे टेकाड टिपरमधून निघून गेले. लग्न थाटात झाले. मी जिलबी वाढली.

आपल्या कायद्याने संरक्षित स्मारकांभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर निर्बंध आहेत. ही तरतूद २०१० सालची. पण पांढर हे स्मारक नव्हे. तिच्यावर पाटी नाही, कळस नाही. तिची परीक्षा झाली ती एवढीच, माझ्या एका शब्दाची. समोरच्या बाई एका रिकाम्या खड्ड्याच्या काठी सकाळपासून पोटावर पडल्या होत्या, आणि मी घरच्या झोपाळ्यावर बसून ओळीत मोकळा झालो होतो.

मी त्यांना म्हणालो, "आमच्याकडे फार जुनी माती आहे." एवढेच.

दुसऱ्या दिवशी दादा मला एब्सफ्लीटला घेऊन गेला. लंडनच्या सेंट पँक्रासहून येणारी जलद गाडी येथे वीस मिनिटांच्या आत येते. स्टेशनाबाहेर मोटारींसाठी अवाढव्य मोकळ्या जागा, आणि खडूच्या खाणी खोदून उरलेले पांढरे कडे. साऊथफ्लीट रोडच्या बाजूला आम्ही गाडी उभी केली. जेथे हत्ती मिळाला त्या भागात आज रस्ता आहे आणि मोटारी धावत आहेत. पाहण्यासारखे काही नाही. तो रस्ता झालाच. फक्त त्याआधी तेथली माती वाचून झाली. याच दरीत पुढे सॅक्सन काळातली एक पाणचक्की निघाली. भरतीच्या पाण्यावर चालणारी. लाकडाच्या वर्षवलयांवरून तिचे साल इसवी सन ६९२ ठरले. लाकूड टिकले ते चिखलामुळे.

तेथून जवळच स्वान्सकोम. जुन्या रेतीच्या खाणीत आता बाग केली आहे. कुत्री फिरवणारी म्हातारी माणसे आणि सायकली उडवणारी पोरे. या खाणीत १९३५ साली अल्व्हन मार्स्टन नावाच्या दंतवैद्याला मानवी कवटीचा मागचा तुकडा मिळाला. पुढच्या वर्षी, १९३६ मध्ये, त्यालाच डावीकडचा तुकडा मिळाला. आणि १९५५ साली जॉन वायमर यांना तिसरा, उजवीकडचा. वीस वर्षांच्या अंतराने सापडलेले ते तुकडे एकमेकांत नेमके बसले! सुमारे चार लाख वर्षांपूर्वीची ती कवटी बहुधा बाईची असावी असे म्हणतात. मधल्या वीस वर्षांत ती खाण कोणी भरावासाठी उपसून नेली असती तर? बाकावर बसून मी हाच विचार करीत होतो. दादा म्हणाला, "चल, थंडी वाजेल." खरे म्हणजे ऊन पडले होते.

परत आल्यावर मी कॉलेजच्या ग्रंथालयात बसलो. नर्मदेचा तो हत्ती आपल्या गोदावरीलाही होता! आज पक्षी पाहायला आपण मुलांना घेऊन ज्या नांदूर मधमेश्वरला जातो, तेथल्या गोदावरीच्या गाळात त्याचे अवशेष मिळाले आणि पिलग्रिम या भूगर्भशास्त्रज्ञाने १९०५ साली त्यावर लेख लिहिला. त्याच्याही आधी, १८६५ मध्ये, पैठणजवळच्या मुंगी गावी वाइन या अधिकाऱ्याला नदीच्या रेवेत अकीकाचे हत्यार सापडले होते. दायमाबादला १९७४ साली झाडाचे खोड उपटताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा निघाले. म्हणजे पाहणारा आला तेव्हा तेव्हा या काठाने काही ना काही हाती ठेवले आहे.

नवरात्रात आजोळी गेलो. मामा आता सत्तरीला आले आहेत. चहा होतो न होतो तोच म्हणाले, "बरं झालं आलास. तो टिपरवाला परत आलाय. रस्ता रुंद करायचाय म्हणे. उरलेलं टेकाड मागतोय. तुझाच अर्ज पाहिजे, मागच्यासारखा."

"आधी टेकाड बघू या," मी म्हणालो.

सात वर्षांपूर्वी यंत्राने कापलेली बाजू उभीच होती. पावसाने धुऊन भिंतीसारखी झाली होती. मी जन्मभर त्या टेकाडावर खेळलो, बोरे खाल्ली, पण त्याच्याकडे बाजूने कधी पाहिले नव्हते. अगदी खाली काळी माती. तिच्यावर बोटभर राखेचा करडा पट्टा. मग चोपून सपाट केलेली, चुन्याने पांढरी झालेली जमीन. कोणाच्या तरी घराची! तिच्यावर पुन्हा राख, पुन्हा जमीन. मी खाली-वर मोजत गेलो. पाच जमिनी भरल्या. मधल्या एका थरात तांबड्या खापराचा काठ भिंतीतून डोकावत होता, त्यावर काळ्या रंगाच्या रेघा.

"हे असलं पाहिजे होय तुला? लई हाय," असे म्हणून मामांनी हात घातला.

"मामा, हात लावू नका!" मी इतक्या जोरात ओरडलो की बांधावरची शेळी उठून उभी राहिली. मामांनी हात मागे घेतला आणि माझ्याकडे, भाचा विलायतेहून काही बाधा घेऊन आला की काय, अशा नजरेने पाहिले.

मग आम्ही बांधावर बसलो. मी त्यांना हत्तीची गोष्ट सांगितली. खड्ड्याची सांगितली. शेवटी अर्जातल्या त्या शब्दाची सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझी आजी या टेकाडावर दिवा लावायची अवसेला. आम्ही विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही." आणि थोड्या वेळाने, "पण टिपरवाला साठ हजार देतो म्हणतोय, ते कोण देणार?"

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. केंटातल्या त्या कुरणात ते रस्ता बांधणाराच देतो. आमच्या बांधावर ते मामांनी सोडायचे होते. मला त्यांना फुकटचा उपदेश करवेना. मी त्यांच्या मुलीच्या लग्नाची जिलबी वाढलेला माणूस.

रात्री ओट्यावर दिवा घेऊन अर्ज लिहिला, राज्याच्या पुरातत्त्व खात्याला. जागा कोठे आहे, भिंत किती उंच, थर किती, खापर कोणत्या थरात, रस्त्याची हद्द किती अंतरावर. फोटो जोडले, शेजारी माप म्हणून मामांची काठी उभी करून. 'उरलेला भाग काढण्यापूर्वी जाणकारांनी पाहावा' अशी विनंती केली. कोठेही विशेषण घातले नाही.

मामांनी चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला. "यात 'निरुपयोगी' कुठं आहे?" त्यांनी विचारले.

"नाही घातलं."

"हं," असे म्हणून त्यांनी सही केली.

पोच मिळाली आहे. मामांनी टिपरवाल्याला तुळशीच्या लग्नापर्यंत थांबायला सांगितले आहे.